लेकरं दोन, हिशेब एकाचा

आमच्या भागातल्या एका बचत गटाच्या बैठकीला एक बाई चार महिने आली नव्हती. हप्ता मात्र दर महिन्याला शेजारणीच्या हाती बरोबर पोचत होता. गटातल्या बायकांना विचारलं, तर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य : "तिले जुळे झाले ना ताई!" ते सांगताना प्रत्येकीच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मीही कौतुकानेच तिच्या घरी गेले. कारंजापासून आत, संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. दुपारची वेळ. सासू दुसऱ्याच्या वावरात निंदणाला गेलेली, नवरा ट्रकवर. घरात ती आणि दोन लेकरं. एक मांडीवर रडत होतं, दुसरं झोळीत रडत होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. कोरड्या डोळ्यांनी ती भिंतीकडे बघत होती.

मी बसले. एक लेकरू घेतलं. बऱ्याच वेळाने ती बोलली, "लोकं जुळे पाहाले येते ताई. पाहून जाते. मले कोणी पाहाले येत नाही."

हा लेख त्या वाक्यावर आहे.

मैत्रिणींनो, आपल्या अंकांमधून आपण हुंडा, मारहाण, दारू, जमिनीवरचा हक्क, गर्भलिंग निदान या सगळ्यांवर लिहिलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात बाईचं काय होतं, याबद्दल आपण फार कमी बोललो आहोत. आणि एका वेळी दोन किंवा तीन मुलं जन्माला घालणाऱ्या बाईबद्दल तर काहीच बोललो नाही. हा विषय बारीक आहे, घरगुती आहे, फार थोड्या बायकांचा आहे, असं आपण गृहीत धरलं. ते गृहीत चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी साधा हिशेब करू

कमी वजनाचं तान्हं बाळ दिवसरात्र मिळून दहा वेळा तरी दूध मागतं. दोन बाळं, म्हणजे वीस वेळा. एका वेळेला अर्धा तास धरला, तर झाले दहा तास. त्यात दुपटी बदलणं, धुणं, वाळवणं, अंग पुसणं, ढेकर काढणं अजून धरलेलं नाही. स्वयंपाक, पाणी, मोठं मूल असेल तर त्याची शाळा, गोठ्यात गाय असेल तर तिचं शेण, हेही धरलेलं नाही. झोप तर धरायचा प्रश्नच येत नाही. एक बाळ झोपतं तेव्हा दुसरं उठतं. सलग दोन तास झोप मिळाली तर त्या दिवसाची सणासारखी आठवण राहते.

आता हे काम पगारी असतं तर? कारखान्यात कोणी सलग चार महिने दिवस-रात्र पाळी एकाच कामगाराला लावली असती, तर युनियनने संप केला असता. इथे संप करायचा कोणाविरुद्ध? मांडीवरच्या लेकरांविरुद्ध?

यात शरीराचाही हिशेब आहे. जुळ्यांच्या गरोदरपणात रक्त कमी पडणं, रक्तदाब वाढणं, दिवस पुरे होण्याआधी बाळंत होणं, बाळंतपणात जास्त रक्त जाणं, या सगळ्याचा धोका एकट्या बाळापेक्षा जास्त असतो. निम्म्याहून अधिक जुळी पूर्ण दिवस भरण्याआधी जन्मतात. म्हणजे जी बाई आधीच जास्त थकलेली, जास्त रक्त गेलेली आणि बहुधा पोटावर टाके घातलेली, तिच्यावरच दुप्पट काम पडतं आणि तेही जास्त नाजूक लेकरांचं. आमच्या भागात अशी बाळंतीण वर्ध्याला, सेवाग्रामला, नाहीतर नागपूर-अमरावतीला पाठवतात. बाळं काचेच्या पेटीत, आई वेगळ्या वॉर्डात, नवरा औषधाच्या दुकानासमोर आणि घरचं मोठं लेकरू मामाच्या गावी. पंधरा-वीस दिवसांनी हे सगळं बिऱ्हाड एसटीने परत येतं, आणि तेव्हा गाव गोळा होतं ते जुळी बघायला!

कौतुक नावाची पळवाट

जुळ्यांचं कौतुक फार. लव-कुश, राम-लक्ष्मण, गंगा-जमुना अशी नावं ठेवायची. सारखे कपडे शिवायचे. वर्तमानपत्रात तिळ्यांचा फोटो छापायचा. पुढाऱ्याने येऊन साडीचोळी द्यायची. "देवाची देणगी," म्हणायचं आणि निघून जायचं. देणगी देवाची असेल, पण ती सांभाळायची जबाबदारी एकट्या बाईची! कौतुकाचा मोठा फायदा असा, की एकदा ते केलं की मदत करावी लागत नाही. आणि ज्या बाईचं एवढं कौतुक झालं, तिने तक्रार कोणत्या तोंडाने करायची? "एकेकीले एक होत नाही, तुले दोन देल्ले देवानं," हे ऐकून घेतलेल्या बाईने "मला जमत नाही" म्हटलं, की ती थेट कृतघ्न ठरते.

कौतुकाची दुसरी बाजू दोषाची. जोडकेळं खाल्लं म्हणून जुळी झाली, ही समजूत आजही घरोघर आहे. चार माणसांच्या घरात हसत सांगितली जाते, पण दोन्ही मुली झाल्या की तीच समजूत हसण्यावारी राहत नाही. आता विज्ञान काय सांगतं? वेगवेगळ्या दोन बीजांपासून होणाऱ्या जुळ्यांचं प्रमाण आईच्या वयाप्रमाणे आणि काही घराण्यांत आईकडून वाढतं. एकाच बीजाची दोन होणारी, हुबेहूब दिसणारी जुळी ही निव्वळ योगायोगाची गोष्ट असते. केळ्याचा संबंध दोन्हीशी नाही. आणि मुलगी की मुलगा हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे आपण गेली चाळीस वर्षं सांगत आलो आहोत. तरीही जबाब द्यावा लागतो बाईला.

आणि एक मुलगा, एक मुलगी अशी जुळी असली, तर घरातल्या सत्तेचा एक छोटा नमुनाच एका झोळीत बघायला मिळतो. आधी कोणाला घ्यायचं? दूध कमी पडलं तर वरचं दूध कोणाला? दवाखान्यात आधी कोणाला न्यायचं? उत्तर तुम्हाला माहीत आहे. मी ते एका घरात डोळ्यांनी पाहिलं आहे. दोघं एकाच दिवशी जन्मलेली, आणि सहा महिन्यांनी वजनकाट्यावर मुलगी दीड किलोने मागे. घरात कोणी राक्षस नव्हतं. सासू प्रेमळ होती. फक्त "तो जास्त रडते" म्हणून त्याला आधी घेतलं जात होतं. आपण गर्भातल्या मुलीसाठी लढलो. मांडीवरच्या मुलीसाठीही लढायला नको का?

सरकारची अजब मोजणी

घराचं सोडा. सरकार जुळी कशी मोजतं ते पाहू.

ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर महाराष्ट्रात २००१ नंतर दोन अपत्यांची अट आली. तो कायदा मुळातच बायकांच्या विरोधात कसा जातो, ते या पानांच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण त्यात एक स्पष्टीकरण आहे : एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती एकच धरायची. म्हणजे कायदा करणाऱ्यांना जुळी आठवली होती.

आशाताई नवजात बाळाला घरी भेटायला जाते. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर दीड महिन्यात सहा भेटी, त्याचा मोबदला २५० रुपये. तो फार तुटपुंजा आहे, हे वेगळं. पण मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं आहे की जुळी असतील तर मोबदला दुप्पट, तिळी असतील तर तिप्पट. बरोबर आहे. बाळं दोन, म्हणजे काम दोनाचं. इथेही जुळी आठवली.

राज्य सरकारची लेक लाडकी योजना २०२३ सालची. दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली, तर त्यातल्या एका किंवा दोन्ही मुलींना लाभ मिळतो. त्याला अट काय? त्यानंतर आई किंवा बापाने कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करायची. ती 'किंवा' कोणाच्या वाट्याला येते, ते शिबिराच्या रांगेत जाऊन बघा.

म्हणजे निवडणुकीसाठी जुळी एक, आशाताईसाठी दोन, ऑपरेशनसाठी पक्की लक्षात. आणि आईसाठी?

अंगणवाडीतून स्तनदा मातेला पहिले सहा महिने पूरक आहार मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्याचं माप ठरलेलं आहे : रोज ६०० कॅलरी. आहारशास्त्र सांगतं, की एका बाळाला पूर्ण अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. मग दोघांना पाजणारीला किती लागतील? हे गणित चौथीतल्या मुलीला सुटेल. पण जुळ्यांच्या आईला मिळणारं माप तेवढंच. तिची दुसरी लेकराची गरज कुठून भागते? तिच्या हाडांतून, तिच्या रक्तातून.

पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये. पहिल्याच खेपेला जुळी झाली तरी ५०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६०००, आणि जुळ्यांपैकी एक तरी मुलगी असली तर तेही मिळतात, पण एकदाच. ही रक्कम बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून देतात. दोन लेकरं घेऊन कापूस वेचायला जाता येत नाही. एक लेकरू बांधावर, झाडाला झोळी बांधून, कसंबसं सांभाळता येतं. दोन नाही. म्हणजे जुळ्यांच्या आईची मजुरी जास्त दिवस बुडते, हे ज्याने एकदा वावर पाहिलं आहे त्याला कळेल.

पगारी नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची रजा मिळते. जुळी असोत की तिळी, तेवढीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००० साली मातृत्व संरक्षणाच्या शिफारशीत स्वच्छ म्हटलं आहे, की एकाहून जास्त बाळं जन्मली तर रजा वाढवून देण्याची तरतूद असावी. त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. आणि आमच्या तालुक्यातल्या बहुसंख्य बायकांना तर रजा हा शब्दच लागू नाही. शेतमजूर बाईची रजा म्हणजे उपास.

तर मैत्रिणींनो, जिथे नियंत्रण ठेवायचं असतं तिथे सरकारला जुळी दिसतात. जिथे आईच्या ताटात काही घालायचं असतं तिथे दिसत नाहीत.

"थोड्या बायकांचा प्रश्न"

एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी, जिच्याबद्दल मला आदर आहे अशी कार्यकर्ती म्हणाली, "अगं, शंभरात एकीला जुळी होतात. आपल्याकडे माणसं थोडी, प्रश्न डोंगराएवढे. हे कुठे काढतेस?"

मी त्यावर बराच विचार केला. माझी तीन उत्तरं आहेत.

पहिलं आकड्यांचं. जगभरात जुळ्यांचं प्रमाण १९८० च्या दशकात हजार बाळंतपणांमागे सुमारे ९ होतं, ते २०१० ते २०१५ या काळात १२ झालं, असा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला सुमारे १६ लाख जोड्या. वंध्यत्वावरचे उपचार आणि उशिरा होणारी बाळंतपणं ही त्याची मोठी कारणं. आपल्या देशात प्रमाण यापेक्षा कमी आहे. पण हजारी आठ-दहा धरलं तरी एका तालुक्यात दरवर्षी मूठभर नवी घरं होतात. आणि अशा घरांत तान्ही लेकरं दगावण्याचं प्रमाण एकट्या बाळापेक्षा कितीतरी जास्त असतं. बालमृत्यू कमी करायचे असतील, तर जुळ्यांचं घर हे सर्वात आधी जायचं घर आहे.

दुसरं उत्तर तत्त्वाचं. किती बायकांवर अन्याय झाला म्हणजे तो चळवळीचा प्रश्न होतो? आपण हा काटा कधी लावला नव्हता. एका बाईच्या खटल्यासाठी आपण राज्यभर मोर्चे काढले आहेत.

तिसरं उत्तर सर्वात महत्त्वाचं. जुळ्यांची आई वेगळी नाही. एका मुलाच्या आईवर जे येतं तेच तिच्यावर येतं, फक्त दुपटीने. एका मुलाची आई दात खाऊन निभावून नेते, म्हणून घराची, नवऱ्याची आणि सरकारची जबाबदारी झाकून राहते. जुळ्यांच्या आईकडे निभावून नेण्याची सोय उरत नाही, म्हणून सगळं उघडं पडतं. तिच्यासाठी मागितलेली प्रत्येक गोष्ट उद्या प्रत्येक आईच्या कामी येईल.

आणि हे निभावणं कोलमडलं तर काय होतं? २०१८ च्या जानेवारीत जपानमधल्या तोयोता शहरात तिळ्यांच्या एका आईने रडणाऱ्या अकरा महिन्यांच्या मुलाला जमिनीवर आपटलं. ते बाळ गेलं. ती नैराश्याने आजारी होती. २०१९ साली कोर्टाने तिला साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. तेव्हा त्या देशातल्या जुळ्या-तिळ्यांच्या आया बोलू लागल्या. बाळाच्या मृत्यूचं समर्थन त्यांनी केलं नाही, पण त्या टोकापर्यंत आपणही जाऊन आलो आहोत, हे कबूल केलं. त्यातून दडपण आलं आणि २०२० पासून जपान सरकारने अशा कुटुंबांसाठी मदतीची योजना सुरू केली. त्यात मदतनीस आहे, आणि ज्यांनी आधी जुळी वाढवली आहेत अशा पालकांचा आधारही आहे. एका लेकराचा जीव गेल्यावर जे सुचलं ते आधी का सुचू नये? आपल्याकडे अशी बातमी आली तर मथळा काय येईल, ते आपण आताच लिहू शकतो : 'निर्दयी माता'.

मी काय शिकले

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे. व्यक्तीसहाय्य कार्य, गटकार्य, समुपदेशन या सगळ्यांचे पेपर मी दिले आहेत. त्या दुपारी, त्या घरात, त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. मी तिला म्हटलं, "थोडा आराम करत जा, घरच्यांशी बोल." ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला अजून टोचतं.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी दुसऱ्या गावातल्या एका बाईला सोबत घेऊन गेले. तिची जुळी तेव्हा पाच वर्षांची होती. शिक्षण सातवी. ती आत आली, काही विचारलं नाही, भिंतीला टेकवून एक वाकळ दुमडून ठेवली, हिला तिच्यावर नीट बसवलं, दोन्ही कुशींखाली दोन उशा लावल्या आणि दोन्ही लेकरं एकदम पाजायला लावली. दहा मिनिटांत दोन्ही शांत. मग म्हणाली, "माह्या एका पोराले मी एक दिवस झोळीत टाकून वावराच्या टोकापर्यंत निघून गेली होती. वापस आली. तूबी येशील." तेव्हा ही बाई रडली. चार महिन्यांनी पहिल्यांदा.

मी ते बोलू शकले नसते. बोलले असते तरी ते खरं वाटलं नसतं. जिने ते भोगलं आहे तिच्याच तोंडून ते ऐकायला हवं असतं. बाईने बाईशी बोलणं, आपलं दुःख एकटीचं नाही हे कळणं, यावरच तर आपली चळवळ उभी राहिली. त्यालाच आता 'समदुःखी आधारगट' असं भारदस्त नाव मिळालं आहे, इतकंच.

त्यानंतर आमच्या पाच जणी झाल्या, मग सात. कारंजाला बाजाराच्या दिवशी एका ओसरीत बसतो. नोंदवही नाही, फोटो नाही, चहा आहे. तिथे जे ज्ञान गोळा होतं ते कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं. हुबेहूब दिसणाऱ्या दोघींपैकी एकीच्या मनगटाला काळा दोरा आणि दुसरीच्या पायाला, म्हणजे औषध एकीलाच दोनदा जात नाही. भिंतीवर खडूने रेघा : कोणाला केव्हा पाजलं, कोणाला कोणत्या बाजूला. रात्री एकाला उठवून पाजलं की दुसऱ्यालाही उठवायचं, म्हणजे दोघांची झोप एका वेळी येते. दूध कमी पडतं असं वाटलं की लगेच डब्याकडे धावायचं नाही. जुळ्यांना पुरेल एवढं दूध बहुतेक बायकांना येऊ शकतं, कारण जितकं पाजलं जातं तितकं ते बनतं. पण त्यासाठी आई जेवली पाहिजे आणि झोपली पाहिजे. बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तरी "जुळ्यांना पुरणार नाही" हे एक वाक्य जाहिरातीचं काम फुकटात करून जातं. आणि खरोखरच वरचं दूध लागलं, तर त्या आईला अपराधी वाटू द्यायचं नाही, हेही आमच्यात ठरलं आहे.

कमी वजनाचं बाळ उघड्या छातीला लावून ऊब देण्याची पद्धत, जिला कांगारू काळजी म्हणतात, ती दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, कारण तिथल्या दवाखान्यात पेट्या पुरत नव्हत्या. ती ऊब देण्यासाठी आईच लागते असं नाही. एक लेकरू आईच्या छातीशी, एक बापाच्या. आमच्या एका बैठकीला एक बाप आला. शर्टाच्या आत लेकरू घेऊन तो घरी तासन् तास बसत होता. मित्र हसत होते. आता त्यांच्यातलाच एक त्याला विचारायला आला, कारण त्याच्या बहिणीला जुळी होणार आहेत. पुरुषांना या गटात आणायचं की नाही, यावर आमच्यात वाद आहे. माझं मत असं : बायकांची बैठक बायकांचीच राहावी, कारण नवऱ्यासमोर नवऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. पण बापांची बैठक वेगळी झालीच पाहिजे. आणि तिचं नाव 'मदत' नसावं. बाप मदत करत नसतो, आपलं काम करत असतो.

आणि एक गोष्ट. आमच्यात एक अशी आहे, जिच्या जुळ्यांपैकी एक विसाव्या दिवशी गेलं. तिला सगळ्यांनी एकच वाक्य सांगितलं, "एक तर आहे ना!" त्या वाक्याने तिला रडायलाही बंदी केली. उरलेल्या लेकराचा प्रत्येक वाढदिवस तिच्यासाठी दोन गोष्टी आहे, आणि घरात त्यातली एकच बोलता येते. ती पहिल्यांदा आमच्या बैठकीत आली तेव्हा दारात थांबली. म्हणाली, "माह्यं आता एकच हाये, मी चालते का?" तिला आत घेऊन एकीने विचारलं, "गेलं त्याचं नाव काय ठेवलं होतं?" सहा वर्षांत तिला कोणी हे विचारलं नव्हतं.

एक धोका

इथे मला आपल्याच लोकांना सावध करायचं आहे. आधारगट स्वस्त असतो. म्हणून सरकारला आणि संस्थांना तो आवडतो. उद्या याचा प्रकल्प होईल, फ्लेक्स लागेल, आणि "बायकाच बायकांना सांभाळतात" म्हणून अंगणवाडीतलं माप आहे तेवढंच राहील. बायकांच्या बिनपगारी कामावर आणखी एक बिनपगारी काम! हे होऊ द्यायचं नाही.

विदर्भातलंच उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे आशाताईंच्या घरभेटी त्याच वाटेने देशभर गेल्या. त्यातून दोन धडे घ्यायचे. गावातल्या कमी शिकलेल्या बाईला हे काम उत्तम येतं, हा एक. आणि ते काम देशभर पसरलं तेव्हा तिला कामगार न म्हणता 'स्वयंसेविका' म्हणून मोबदल्यावर ठेवलं गेलं, हा दुसरा. पहिला घ्यायचा, दुसरा पुन्हा होऊ द्यायचा नाही.

जगात असे गट जुने आहेत. अमेरिकेत जुळ्यांच्या आयांच्या मंडळांची देशव्यापी संघटना १९६० साली झाली, इंग्लंडमध्ये १९७८ साली. आपल्याकडे केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोडिन्ही गावात जुळी इतकी जन्मतात की तिथे जुळ्यांची आणि त्यांच्या नातलगांची संघटनाच आहे. तिथेही कॅमेरे जास्त जातात, प्रश्न विचारणारे कमी. पण लोकांनी एकत्र येऊन नाव धारण केलं, की त्यांना मागणी करता येते. एकट्या बाईला फक्त विनंती करता येते.

म्हणून आमच्या मागण्या आहेत, आणि त्या मागण्याच आहेत, विनंत्या नाहीत :

१. जुळ्यांच्या स्तनदा मातेला अंगणवाडीतून दोन मापं आहार मिळावा, तिळ्यांच्या मातेला तीन. पहिल्या दिवसापासून, अर्ज न करता.

२. मातृवंदना योजनेची रक्कम बाळंतपणावर नाही, जन्मलेल्या बाळांवर मोजावी. आशाताईच्या मोबदल्यात जे गणित मान्य झालं तेच आईला लावावं.

३. पगारी रजा जुळ्या-तिळ्यांसाठी वाढवावी, आणि बापालाही रजा असावी.

४. सोनोग्राफीत जुळी आहेत हे कळलं की त्याच दिवशी त्या बाईला, तिची इच्छा असेल तर, जवळच्या जुळ्यांच्या आईशी जोडून द्यावं. त्या आईला येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळावी.

५. मूल पेटीत असेल तोवर आईला त्याच दवाखान्यात राहायला जागा आणि जेवण मिळावं. २०११ पासून बाळंतीण आणि आजारी नवजात बाळ यांच्यासाठी मोफत उपचार आणि वाहन देण्याचा कार्यक्रम आहे. पेटीतल्या बाळाच्या आईचं राहणं-खाणं त्यातलाच भाग मानावा.

६. कोणत्याही लाभाला आईच्या ऑपरेशनची अट नसावी.

आणि आपल्या संघटनांकडे एक मागणं. तुमच्या गावात, वस्तीत, बचत गटात जुळ्यांचं घर कोणतं आहे ते शोधा. तिथे लेकरं बघायला जाऊ नका, आईला बघायला जा. जाताना दोन भाकरी आणि पिठलं घेऊन जा, एक लेकरू तासभर सांभाळा आणि तिला झोपू द्या. दुसऱ्या वेळी जाताना दुसरी जुळ्यांची आई सोबत न्या. तिसऱ्या वेळी दोघींना घेऊन तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जा आणि विचारा : लेकरं दोन, मग माप एक का?

त्या दुपारी भेटलेली ती आता बैठकीला येते. लेकरं चालायला लागली आहेत आणि दोघं दोन दिशांना पळतात. मागच्या वेळी आमच्या ओसरीत एक नवी आली. सातवा महिना, जुळी आहेत हे नुकतंच कळलेलं, घाबरलेली. हिने तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "तू जेवली का?"

लेकरांबद्दल तिने नंतर विचारलं.